आधी पाण्याचा हिशेब, मग पेरणी
चाकण-खेड परिसरातील शेतीपुढील प्रश्न आणि दुष्काळी गावांनी शोधलेले उत्तर

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांत अशी अनेक कुटुंबे आहेत, ज्यांचे घर आज भोसरीला, मोशीला किंवा चाकणला आहे. परंतु 'गाव कोणते?' असे विचारले तर उत्तर येते संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर किंवा नेवासे. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या अनेक कोरड्या वर्षांनी ग्रामीण भागातील माणसे शहराकडे वळवली. कारखान्यात काम मिळाले, मुले शिकली, घरे झाली. मात्र गावाकडील दोन-तीन एकर जमीन अनेकांनी जपून ठेवली आहे. कोणाचा भाऊ ती कसतो, कोणी ती वाट्याने दिली आहे, तर कोणी निवृत्तीनंतर तेथे परतण्याचा विचार करीत आहे. याउलट काही कुटुंबांच्या वाट्याला गावात जमीन कधी आलीच नाही. दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी हाच त्यांचा आधार होता आणि विहिरी आटल्या तेव्हा सर्वांत आधी गाव सोडावे लागले तेही त्यांनाच.

म्हणूनच 'कमी पाण्याच्या प्रदेशात शेती टिकेल कशी?' हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. सुटीत गावी जाणाऱ्या आणि एरवी नळाच्या वेळेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या सर्वांचाच तो प्रश्न आहे. या लेखात त्याची थोडी उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

पर्जन्यछायेची भूमी

पुणे जिल्ह्यातील पावसाची वाटणी मोठी विषम आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जाऊ लागले की तो झपाट्याने कमी होतो. पुणे शहरात तो साधारण ७०० मिलिमीटर असतो आणि शिरूरच्या बाजूला ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. एकट्या खेड तालुक्यातसुद्धा हा फरक दिसतो. भीमाशंकरच्या बाजूला भातखाचरे आहेत, तर पूर्वेकडील गावांत बाजरी, ज्वारी आणि कांदा. चाकणचा कांदाबाजार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ढगांचे बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होते आणि पलीकडच्या भागाला त्याचे उरलेसुरले मिळते. यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो.

पावसाइतकेच महत्त्व पायाखालच्या खडकाला आहे. दख्खनचे पठार बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांचे बनलेले आहे. या खडकात पाणी सर्वत्र भरलेले नसते. वरचा मुरमाचा थर आणि खडकातील भेगा एवढ्याच जागी ते साठते. त्यामुळे आपल्या साध्या विहिरीतील पाणी हे बहुतांशी गेल्या पावसाळ्यात मुरलेले पाणी असते. साठा लहान, दरवर्षी भरणारा आणि दरवर्षी रिकामा होणारा. ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढचे बरेच काही समजते. ज्या गावात वर्षाला जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले जाते, त्या गावात जास्त खोल बोअर घेतल्याने पाणी वाढत नाही. आजचे जरा लवकर संपते आणि शेजाऱ्याची विहीर आधी कोरडी पडते, इतकेच.

एका नदीवर तीन वाटेकरी

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक भरली. तोपर्यंत चाकण परिसरातही वाहन उद्योगाने पाय रोवले होते. शहर, कारखाने आणि शेती हे तिघेही पवना, इंद्रायणी, भामा आणि भीमा या नद्यांवर अवलंबून आहेत. या नद्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

वाटेकरी वाढले की वाद होतात. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथे उचलून शहराला पुरवले जाते. हे पाणी धरणापासूनच बंद जलवाहिनीने आणावे, अशी योजना पुढे आली तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. नदीचे पात्र कोरडे पडेल आणि काठावरील उपसा सिंचन बंद होईल, ही त्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या बाजूला शहराची निकडही खोटी नव्हती. २०१९ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करावा लागला. खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ च्या प्रारंभापासून पुण्याच्या पूर्व भागाकडे जाऊ लागले. तेथेही धरणग्रस्तांनी आपल्या पुनर्वसनाचा प्रश्न आग्रहाने मांडला होता.

धरणाच्या पाण्यात शेतीचा वाटा पुढील काळात वाढेल, असे मानणे कठीण आहे. शेतकऱ्याच्या हाती उरते ते त्याच्या शिवारात पडणारे पाणी. त्याचे तो काय करतो, यावर शेतीचे भवितव्य ठरणार आहे.

साधने आहेत, पण तेवढ्याने भागत नाही

पाणी वाचविण्याची साधने आज सर्वांच्या परिचयाची आहेत. ठिबक सिंचनाने पाणी थेट मुळाशी जाते. मोकाट पाणी देण्याच्या तुलनेत कित्येक पिकांत ४० ते ५० टक्के बचत होते. शेततळ्यात पावसाचे वाहून जाणारे पाणी साठविता येते. शासनाने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली आणि गावोगावी शेततळी दिसू लागली.

परंतु साधन चांगले असले तरी ते वापरायचे कसे, हा प्रश्न उरतोच. ठिबक बसविल्यावर वाचलेले पाणी विहिरीतच राहिले तर ती बचत. त्याच पाण्यावर आणखी एक एकर बागायत केली तर विहीर पूर्वीइतकीच रिकामी होते. शेततळ्याचेही तसेच आहे. त्यात ओढ्याचे वाहते पाणी भरले तर तो लाभ. पण अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरलेली तळी विहिरी आणि बोअरमधून पाणी उपसून भरली जातात. जमिनीच्या पोटात सावलीत असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. आपल्या कोरड्या हवेत उघड्या पाण्याची पातळी वर्षभरात बाष्पीभवनाने दीड ते दोन मीटर खाली जाते. शिवाय सर्वांच्या मालकीचे भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात बंदिस्त होते.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. तरीही त्याहून कितीतरी खोल बोअर खोदले जातात, हे आपण जाणतो. कायदा आणि साधने दोन्ही असून पाणी टिकत नाही, याचे कारण एकच. एकूण पाणी किती आहे आणि ते कोणी किती वापरायचे, हे गावाने एकत्र बसून ठरविलेले नसते.

पाण्याचा ताळेबंद

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. एवढे एक माप लक्षात ठेवले की पुरे.

उदाहरणादाखल १००० हेक्टरचे एक गाव घेऊ आणि तेथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे समजू. गावावर एकूण ५०० कोटी लिटर पाणी पडले. यातील मोठा भाग उन्हाने उडून जातो, काही उभी पिके आणि गवत पितात, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्याकडील काळ्या पाषाणात सुमारे दहावा हिस्सा मुरला, असे धरू. म्हणजे विहिरींच्या वाट्याला आले ५० कोटी लिटर.

यातून पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. गावात १५०० माणसे असून दरडोई रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतात. जनावरांसाठी आणखी २ कोटी लिटर बाजूला ठेवू. शेतीसाठी उरले ४५ कोटी लिटर.

आता पिकाची निवड. उसाला लागणाऱ्या पाण्याचे मान २००० ते २५०० मिलिमीटर आहे, म्हणजे हेक्टरी सव्वादोन कोटी लिटरच्या आसपास. या हिशेबाने गावाचे सर्व पाणी अवघ्या २० हेक्टर उसात संपते. रब्बी कांद्याला ५०० मिलिमीटर धरले तर तेच पाणी ९० हेक्टरला पुरते. हरभऱ्याला २५० मिलिमीटर धरले तर १८० हेक्टर भिजतात. पाणी तेच आणि शिवारही तेच. मात्र पहिल्या पर्यायात दहा-पंधरा कुटुंबांचे भागते आणि तिसऱ्यात जवळजवळ सगळ्या गावाचे.

हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक गावाची जमीन, उतार आणि खडक वेगळा असतो. तथापि, या हिशेबाचे खरे मोल तो केव्हा मांडला जातो यात आहे. पावसाळा संपताच, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजून तो ग्रामसभेत मांडायला हवा. पाऊस ३०० मिलिमीटरच पडला तर शेतीसाठी जेमतेम २५ कोटी लिटर उरतील आणि कांदा ५० हेक्टरांवर थांबवावा लागेल. हे ऑक्टोबरात कळले तर शेतकरी हरभरा किंवा ज्वारी पेरू शकतो. फेब्रुवारीत कळले तर बियाणे, खत आणि मजुरी यांवर केलेला खर्च डोळ्यांदेखत वाळून जातो.

नायगावचा धडा

पाण्याची वाटणी न्यायाने करता येते, हे पुणे जिल्ह्यातच एका उद्योजकाने दाखवून दिले. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील माणसे खडी फोडताना त्यांनी पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन कसायला घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली आणि त्या उजाड माळावर धान्य पिकवून दाखविले. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान उभे राहिले आणि 'पाणी पंचायत' ही चळवळ जन्माला आली.

पाणी पंचायतीचे नियम साधे होते. सिंचनाची योजना एकट्यासाठी करायची नाही, गटासाठी करायची. पाणी जमिनीच्या आकारावर मिळणार नाही, घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येणार नाही. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभारायचा. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा मिळेल.

या शेवटच्या नियमापाशी आपण क्षणभर थांबावे. गावातील पाणी ही जमीनदाराची मालमत्ता नसून तेथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यात वाटा आहे, असे हा नियम सांगतो. ज्यांचे आई-वडील भूमिहीन म्हणून गाव सोडून पिंपरीला आले, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विलासराव २००२ मध्ये निवर्तले. पाणी पंचायतीच्या साऱ्या योजना पुढे तशाच चालल्या असे नाही. ज्या भागात कालव्याचे पाणी आणि ऊस आला, तेथे असा नियम पाळणे अवघड होते. तथापि, त्यांनी मांडलेला प्रश्न आजही कायम आहे.

माथा ते पायथा : फादर बाखर यांची वाट

आपल्या भाविकांना अधिक जवळचे वाटेल असे दुसरे उदाहरण अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील आहे. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत निर्माण होईपर्यंत हा जिल्हा पुणे धर्मप्रांतातच होता. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरमार्फत अनेक वर्षे शेतकऱ्यांसाठी काम केले. विहिरी खणून देणे, कर्ज मिळवून देणे अशी कामे करताना त्यांच्या लक्षात आले की, डोंगर उघडा राहिला तर खालची विहीर भरत नाही. यातूनच भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. १९९३ मध्ये फादर बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली.

पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू होते. आधी डोंगरावर समतल चर खणायचे, गवत आणि झाडे लावायची. मग उतारावर दगडी बांध, शेतात मातीचे बांध आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारा. धावणाऱ्या पाण्याला चालायला आणि चालणाऱ्याला थांबायला लावले की ते मुरते. वरचे काम सोडून थेट बंधारा बांधला तर दोन-चार वर्षांत तो गाळाने भरतो. मात्र यासाठी गावाला काही गोष्टी स्वीकाराव्या लागतात : मोकाट चराईला बंदी, झाडे तोडण्यास बंदी आणि श्रमदान.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे गाव याचे उदाहरण आहे. १९९६ ते २००१ या काळात तेथे पाणलोटाचे काम झाले. पूर्वी उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या या गावात शेतमजुरांना वर्षातून तीन-चार महिनेच काम मिळे. ते नऊ-दहा महिन्यांपर्यंत वाढले. ज्याच्या घरातील तरुण कामासाठी परगावी जात होता, त्याच्या दृष्टीने याचे मोल किती असेल?

तरीही पाणी मुरविणे हे अर्धेच काम होय. विहिरी भरल्या की नवे बोअर आणि नवे उसाचे फड येतात आणि काही वर्षांत गाव पूर्वस्थितीला येते. हा धोका हिवरे बाजारने ओळखला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास कामाला लागलेल्या या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांना बंदी केली. दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभा पिके ठरविते. भरलेली तिजोरी सांभाळणारा खजिनदार असावा, तसे हे आहे. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या परिसरात काय करता येईल?

चाकण-खेडमधील स्थिती काहीशी निराळी आहे. येथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तरुणांना कारखान्याच्या पाळ्या आहेत आणि शेतात राबणारे हात कमी झाले आहेत. अनेक गावांत शेती करणारे आता मोजकेच उरले आहेत. तरीही काही गोष्टी निश्चितपणे करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट पिकांची. खरिपात बाजरीबरोबर तूर, मटकी किंवा हुलगा ही जुनी मिश्र शेती एका पिकावरचा भार कमी करते. रब्बीत ज्वारी आणि हरभरा ओलाव्यावर किंवा एक-दोन पाण्यांवर निघतात. कांदा आणि बटाटा ही येथील नगदी पिके सोडण्याची गरज नाही. फक्त त्यांचे क्षेत्र विहिरीच्या पातळीवर ठरवावे आणि पाणी ठिबक किंवा तुषार पद्धतीने द्यावे.

दुसरी गोष्ट मातीची. शेणखत, तागासारखे हिरवळीचे खत आणि पाचट-भुसकटाचे आच्छादन यांमुळे जमीन ओलावा अधिक काळ धरून ठेवते. शेतातील काडीकचरा जाळणे म्हणजे स्वतःचे पाणी जाळणे होय.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. शहराला दिलेले पाणी वापरानंतर नाहीसे होत नाही. त्याचा मोठा भाग सांडपाणी म्हणून नदीत येतो. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. हेच पाणी नीट शुद्ध केले, तर कारखाने, बांधकामे आणि बागा यांना ते वापरता येईल आणि धरणातील तेवढे पाणी मोकळे होईल. यासाठी आग्रह धरणे हे शहरातील नागरिकांचे काम आहे.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. गावी जमीन असणाऱ्या आणि तेथे मतदार असणाऱ्या बांधवांनी वर्षातून एकदा तरी ग्रामसभेला जावे आणि पाण्याचा ताळेबंद मांडला का, हे विचारावे. आपली जमीन वाट्याने देताना 'नवा बोअर नको, ऊस नको' एवढी अट घालणे आपल्या हातात आहे. त्यामुळे वाटा थोडा कमी येईल. पण शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर जिवंत राहील.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. पाणी पंचायतीने चाळीस वर्षे आधी पुरंदरच्या माळावर तो हक्क शेतीच्या पाण्यालाही लावून पाहिला होता. आपण आपल्या गावात त्याची सुरुवात एका साध्या कामाने करू शकतो. येत्या ऑक्टोबरात गावी गेल्यावर आपल्या विहिरीत दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजावे, वहीत लिहावे आणि शेजाऱ्यालाही तसेच करण्यास सांगावे. चार विहिरींचे आकडे एकत्र आले की गावाला बोलण्यासाठी काही आधार मिळतो.